पोमपोमकाकांचा कोट

हँगर होता, पण कोट नव्हता.

काकांनी कपाटाचं दार लावलं, चष्मा शर्टाला पुसला आणि दार पुन्हा उघडलं. हँगर आपल्या जागी लोंबत होता. त्यांनी शर्टांच्या मागे हात घालून पाहिलं, खालचा कप्पा उपसला, सुटकेस उघडून तिच्यात डोकं घातलं. कोट म्हणजे काही रुमाल नव्हता, की जाऊन बसला असेल कुठेतरी सांदीकोपऱ्यात. मरून रंगाचा, कडेनं सोनेरी गोट लावलेला, पुढे पितळी बटणांच्या दोन रांगा आणि दोन्ही खांद्यांवर झालरीच्या पट्ट्या, असा तो नगर बँडचा कोट होता. त्यातून मापही काकांचं. माप घेता घेता शिंप्याची टेप संपली होती आणि त्याने काकांनाच ‘जरा इथे बोट धरून उभे राहा’ म्हणून सांगितलं होतं, यावरून काय ते समजा.

आणि आज संध्याकाळी बागेत बँडचा कार्यक्रम होता.

काका दिवसा पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार खिडकीवर बसायचे आणि उरलेल्या वेळात बँडमध्ये ट्यूबा वाजवायचे. ट्यूबा म्हणजे ते भलंथोरलं पितळी वाद्य, जे मांडीवर घेतलं की वाजवणारा माणूस मागे दिसेनासा होतो. बाकीचे लोक धून वाजवतात आणि ट्यूबावाला मागे बसून ‘पोम... पोम...’ करतो. काकांनी उभी हयात पोमपोम केलं होतं. त्यामुळे ऑफिसात, इमारतीत, बँडमध्ये सगळे त्यांना पोमपोमकाकाच म्हणत. या वेळी मात्र बँडमास्तरांनी त्यांना चक्क सोलो दिला होता. बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं आणि एकट्या काकांनी अख्खी धून वाजवायची! काका गेले कित्येक आठवडे न्हाणीघरात, ऑफिसच्या जिन्यात, एवढंच काय, झोपेतसुद्धा तोंडाने तीच धून घोळवत होते. हा माणूस लग्नाच्या वेळीसुद्धा इतका हरखला नव्हता, असं काकू सगळ्यांना सांगत.

“अगं, माझा कोट कुठाय?” काका ओरडले.

काकू गॅलरीत भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालत होत्या. “कपाटात असेल.”

“कपाटात हँगर आहे.”

“मग हँगरवर असेल.”

“अगं, हँगरवर असता तर कुठाय म्हणून बोंबललो असतो का मी?”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंच्या आई हात पुसत बाहेर आल्या. सासूबाईंचा जन्म कपड्यांच्या कारखान्यात कटिंग विभागाची मुकादमी करण्यात गेला होता. नोकरी सुटली तरी कात्री सुटली नव्हती.

“कोणता कोट म्हणता, जावईबापू? तो लालसर, गोटवाला?”

“हो, तोच! कुठाय?”

“तो होय,” सासूबाई निवांतपणे म्हणाल्या. “त्याच्या पिशव्या झाल्या.”

काका मटकन पलंगावर बसले. पलंगही बिचारा कुरकुरला.

“पि... पिशव्या?”

“छान झाल्या हो. काय दणकट कापड! पोतंभर बटाटे भरा, हूं की चूं करायच्या नाहीत.”

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर सगळा दोष त्या म्हातारीच्या माथी जाईल. हे सगळं काकांनीच ओढवून घेतलं होतं. झालं असं, की त्यांच्या ऑफिसात कोणीतरी पाहुणे येऊन ‘पर्यावरण आणि आपलं घर’ या विषयावर भाषण करून गेले. बाकीचं खातं त्या भाषणात गाढ झोपलं, पण काका जागे राहिले आणि तिथेच घात झाला. घरी आले ते अंगात वारं शिरल्यासारखे. दात घासताना नळ चालू दिसला की बाहेरून दार बडवायचे. खोलीत माणूस असो नसो, दिवा घालवायचे. काकू अंधारात भांड्यांवर आपटल्या तेव्हा कुठे ते थांबले. सालं-देठं माठात घालून गॅलरीत खत सुरू झालं. साबणाचे उरलेले तुकडे दाबून दाबून एक नवीन साबण तयार झाला, ज्याला तीन रंग होते आणि फेस मुळीच नव्हता. आणि एके दिवशी जेवताना टेबलावर मूठ आपटून काकांनी जाहीर केलं, “प्लास्टिकची पिशवी या घरात येणार नाही! जे कापड वर्षभर अंगाला लागलं नाही, त्याची पिशवी करायची आणि लोकांना वाटायची. घरात साठवायचं नाही!”

काकूंनी ‘बरं’ म्हटलं आणि सोडून दिलं. सासूबाईंनी मात्र कात्रीला धार लावून आणली.

त्यात मागच्या वर्षी बागेतल्या बँडस्टँडचं छप्पर कोसळलं होतं. ते नव्याने बांधून होईपर्यंत बँडचा एकही कार्यक्रम झाला नव्हता आणि सराव तर सगळे साध्या कपड्यांतच करायचे. म्हणजे कोट वर्षभर अंगाला लागलेला नव्हता, हे नियमाप्रमाणे अगदी खरं होतं.

“अहो, पण आई, मला एका शब्दाने विचारायचं तरी!”

“विचारलं की. तुम्ही ते एवढं मोठं वाद्य तोंडाला लावून बसला होता. मी म्हटलं, कपाटात उजवीकडचं काही वर्षभरात वापरलेलं दिसत नाही, कापू का? तुम्ही मान हलवलीत.”

“मी ताल धरला होता!”

“मला काय ठाऊक? मान वरखाली हलली. आडवी हलली असती तर नसतं कापलं.”

पँट तेवढी वाचली होती, कारण काका ती घालून दर रविवारी गॅलरी धुवायचे.

काकांनी बँडमास्तरांना फोन लावला. बँडमास्तर म्हणजे कडक माणूस. ते हसलेले बँडमध्ये कोणी पाहिलं नव्हतं आणि घरी कोणी पाहिलं असेल तर त्यांच्या बायकोनं ते बाहेर सांगितलं नव्हतं.

“मास्तर, एक शंका होती. समजा, एखाद्याकडे ऐन वेळी कोट नसला, तर...?”

“तर तो एखादा खाली खुर्चीवर बसून कार्यक्रम ऐकेल,” मास्तर म्हणाले. “का?”

“काही नाही, सहज.”

“सोलोचं दडपण आलं असेल तर सांगा हं. माझ्या भाच्याची धून तयार आहे.”

हा भाचा बँडमधला दुसरा ट्यूबावाला. कालपरवा बँडमध्ये आलेला आणि काकांच्या सोलोवर पहिल्या दिवसापासून डोळा ठेवून बसलेला. काकांनी घाईघाईने फोन ठेवला. बँडच्या कपाटात एक जादा कोट होता खरा, पण तो काकांच्या एका हातालाच पुरला असता. दुसऱ्या कोणाचा मागून आणावा, तर काकांच्या अंगाचा दुसरा माणूस आख्ख्या गावात नव्हता.

“सगळे तुकडे गोळा करा,” काका एकदम उठून म्हणाले. “आई, तुम्ही कापलात, तुम्हीच शिवा.”

“इतक्या चांगल्या पिशव्या उसवायच्या?” सासूबाईंना खरोखरच वाईट वाटलं. पण जावयाचा चेहरा बघून त्या नरमल्या. कुठला तुकडा कुठे गेला, हे त्यांना तोंडपाठ होतं. “उजवी पुढची बाजू गॅलरीतच आहे, कपड्यांच्या चिमट्यांची पिशवी केलीय. पाठ बेकरीवाल्याकडे. दोन्ही बाह्या वरच्या मजल्यावर, मुख्याध्यापिकाबाईंकडे. डावी बाजू बेकरीत एक बाई भेटल्या होत्या, त्यांना दिली. फार आवडली त्यांना. त्या कोण ते काही मला माहीत नाही.”

“आणि कॉलर? खांद्यांवरच्या झालरी?”

सासूबाईंनी ओट्याकडे बोट दाखवलं. गरम भांडी उतरवायची, कॉलर दुमडून केलेली दोन जाड फडकी तिथे खिळ्याला लटकत होती. त्यांना सोनेरी झालर होती. त्याच फडक्यांनी काकांनी सकाळी चहाचं पातेलं उतरवलं होतं आणि वर ‘आई, हे झकास केलंत, हाताला अजिबात चटका बसत नाही’ असं म्हटलंही होतं.

काकांनी पहिली धाव बेकरीकडे घेतली. बेकरीवाला पावांच्या लाद्या मरून रंगाच्या ऐसपैस पिशवीत भरत होता. पिशवीवर पिठाचे पंजे उमटले होते.

“या काका! तुमच्या पिशवीनं कमाल केली बघा. आख्ख्या गल्लीचे पाव एका खेपेत जातात.”

“ती मला परत हवीय.”

बेकरीवाल्याचा हात थांबला. दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. “परत? काका, तुम्हीच इथे उभं राहून तासभर बोलला होता ना? प्लास्टिक सोडा, प्लास्टिक सोडा म्हणून? मी सोडलं. आता पाव कशात देऊ? प्लास्टिकमध्ये?”

तो ‘प्लास्टिकमध्ये’ एवढ्या मोठ्याने म्हणाला, की रस्त्यावरचे दोघेजण दारात येऊन उभे राहिले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “थांब, थांब, दुसरं काहीतरी आणतो,” म्हणत ते घराकडे पळाले आणि हाताला लागले ते उशांचे अभ्रे काढून घेऊन आले. बेकरीवाल्यानं अभ्रे ताणून पाहिले, वास घेऊन पाहिला.

“धुतलेत ना?”

“कालच.”

“एवढ्यानं नाही भागायचं. पाठ मोठी होती तुमची.”

काका पुन्हा पळाले आणि पलंगावरची चादर घेऊन आले. तेव्हा कुठे त्यांना त्यांची पाठ मिळाली.

मग ते वरच्या मजल्यावर गेले. तिथे निवृत्त मुख्याध्यापिकाबाई राहायच्या आणि त्यांचा एक लांबट, बुटका कुत्रा. त्याचं नाव ‘साहेब’. दार उघडलं तेव्हा साहेब उंबऱ्यात उभे होते आणि त्यांच्या अंगात काकांची डावी बाही होती. मापाला एवढी नेमकी, की जणू शिंप्यानं कुत्रा समोर ठेवूनच ती शिवली असावी. मनगटाजवळच्या तीन पितळी बटणांतून साहेबांची मान बाहेर आली होती.

“किती शोभतंय बघा,” बाई म्हणाल्या. “उजव्या बाहीची मी छत्रीला गवसणी केलीय. ती न्या हवी तर. पण साहेबांचा कोट नाही मिळायचा.”

“अहो बाई, तो माझा कोट आहे!”

“दिलेली वस्तू परत मागायची नसते. मुलं पहिलीत असतानाच शिकवतो आम्ही हे.”

काकांनी हात जोडले. सोलोचं सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, भाच्याचंही सांगितलं. सांगता सांगता त्यांचा आवाज असा काही फुटला, की बाई विरघळल्या. साहेब विरघळले नाहीत. काकांनी बाहीला हात लावला, तसे ते गुरगुरले आणि सोफ्याखाली शिरले. मग पुढचा बराच वेळ काकांचं अर्धं अंग सोफ्याखाली आणि अर्धं बाहेर, असा कारभार चालला. शेवटी काकांनी धावत जाऊन घरातून आपला लोकरी स्वेटर आणला आणि त्याची एक बाही साहेबांसमोर धरली. साहेबांनी ती हुंगली, चावून पाहिली आणि सौदा मान्य केला.

काका घरी आले तेव्हा काकू बेडरूमच्या दारात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“उशा उघड्या. चादर नाही. आणि हे काय, स्वेटरला एकच बाही! अहो, पृथ्वी वाचवता वाचवता घर बोडकं केलंत की!”

“रागाव, हवं तेवढं रागाव. पण आधी दोरा ओवून दे,” काका म्हणाले आणि काकूंना हसू आवरलं नाही.

सासूबाईंनी मशीन धडधडवलं. पाठीच्या पिशवीचे बंद आत दुमडले, पिठाचे पंजे ओल्या फडक्याने पुसले, बाह्या चढवल्या, कॉलर बसवली, चहाचे डाग पडलेल्या झालरी खांद्यांवर टाचल्या. डावी बाजू काही मिळेना. ती नेणाऱ्या बाई कोण, हे बेकरीवाल्यालाही सांगता येईना. काकांनी तसाच कोट चढवला. उजवीकडून बघितलं तर नगर बँडचा रुबाबदार वादक, डावीकडून बघितलं तर बनियनवर बसलेला एक घाबरलेला माणूस.

“काही होत नाही,” काकू म्हणाल्या. “डाव्या बाजूला ट्यूबा धरायचा. सोडायचाच नाही.”

बागेत पोचेपर्यंत काका ट्यूबाला लहान मुलासारखे कवटाळून चालले होते. काकू आणि सासूबाई दोन्ही बाजूंनी पहारा देत होत्या. सासूबाईंनी सुईदोरा आणि कात्री पर्समध्ये टाकली होती, न जाणो कुठला टाका दगा द्यायचा.

बँडस्टँड दिव्यांनी लखलखत होता. खुर्च्या भरल्या होत्या, मागे लोक उभे होते. बँडस्टँडच्या मागे माळ्याची अवजारांची खोली होती, तिच्यासमोर सगळे वादक रांगेत उभे राहिले आणि बँडमास्तर तपासणीला आले. आकाश निरभ्र होतं, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता आणि मास्तरांनी गळ्यापर्यंत बटणं लावलेला रेनकोट घातला होता. पण मास्तरांना विचारणार कोण? ते एकेकाची बटणं बघत बघत काकांसमोर आले.

“ट्यूबा खाली ठेवा.”

“राहू द्या ना मास्तर. जड आहे.”

“जड आहे म्हणूनच खाली ठेवा.”

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि ट्यूबा हळूच गवतावर ठेवला. शेजारच्या भाच्याच्या तोंडावर दिवा लागला. काकांनी डोळे मिटून घेतले. आता मास्तर गरजणार आणि आपण खुर्चीवर जाऊन बसणार, असं त्यांनी मनाशी धरून टाकलं.

मास्तर गरजले नाहीत. ते काकांच्या कोटावरच्या बंदांच्या खुणा निरखत राहिले.

“ही... पिशवी होती का हो?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“हो, मास्तर.”

मास्तरांनी काकांचा दंड धरला, त्यांना माळ्याच्या खोलीत नेलं आणि दार ढकललं. काकू आणि सासूबाई मागोमाग घुसल्याच. मास्तरांनी रेनकोटचं बटण काढलं, मग दुसरं काढलं. आत बनियन होतं.

“माझ्यासुद्धा झाल्या,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता. “आमच्या हिला बेकरीत कोणी एक बाई भेटल्या. वर्षभर जे अंगाला लागलं नाही त्याची पिशवी करा, असं त्यांनी हिच्या डोक्यात भरवलं. हिनं त्याच रात्री कात्री घेतली. मला कळलं कधी, तर आज दुपारी कपडे करायला गेलो तेव्हा! आणि पिशव्या सगळ्या हिच्या बहिणीकडे, परगावी. ही एक तेवढी घरात सापडली.”

त्यांच्या काखेत मरून रंगाची पिशवी होती आणि तिच्यातून वादनाचे कागद डोकावत होते. पिशवीला पितळी बटणं होती. काकांनी ती हातात घेऊन अंगाला लावून पाहिली.

“मास्तर, ही तुमच्या कोटाची नाही. ही माझी डावी बाजू आहे.”

सासूबाई छताकडे बघत उभ्या राहिल्या. मास्तरांनी एकदा त्या पिशवीकडे, एकदा सासूबाईंकडे पाहिलं आणि त्यांना सगळा उलगडा झाला. मग त्यांनी नजर चुकवत हात पुढे केला.

“कोट द्या. बँडमास्तर बनियनवर उभा राहिला तर उद्या बँड बंद होईल.”

“आणि माझा सोलो?”

“भाचा वाजवेल. त्याच्याकडे कोट आहे.”

मास्तरांचं चुकत होतं असंही नाही, आणि म्हणूनच काकांना जास्त लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मागे बसून पोमपोम केलं, एकदाच पुढे यायची वेळ आली, तर तीही पिशव्यांत गेली. त्यांनी खाली मान घालून बटणं काढायला सुरुवात केली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

“थांबा जरा,” सासूबाई म्हणाल्या. “मास्तर, कार्यक्रमभर लोकांना तुमचं काय दिसतं?”

“माझं संचालन.”

“ते नाही हो. अंगाचं काय दिसतं?”

मास्तर गोंधळले. “तोंड बँडकडे असतं... म्हणजे पाठ.”

“आणि आमच्या जावईबापूंचं?”

“ट्यूबा!” काकू एकदम म्हणाल्या. “ट्यूबा आणि दोन हात!”

“मग एका कोटात दोघं निघतात,” सासूबाई म्हणाल्या आणि पर्समधून कात्री काढली.

कात्रीचा कचकच आवाज सुरू झाला तसे काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांना ते बघवेना. सासूबाईंनी पाठ वेगळी केली. ती एवढी प्रशस्त होती, की मास्तरांच्या काखेखालून वळून पुढे बोटभर आली. आत दुमडलेले पिशवीचे बंद बाहेर काढून त्यांनी मास्तरांच्या पोटावर घट्ट गाठ मारली. डावी-उजवी बाजू उभ्या कापून त्यांच्या मास्तरांसाठी बाह्या केल्या, बटणं मागच्या बाजूला आली एवढंच. काकांना त्यांच्या स्वतःच्या बाह्या मिळाल्या, कॉलर मिळाली आणि खांद्यांवरच्या झालरी मिळाल्या. मधलं सगळं मैदान मोकळं होतं.

“ध्यानात ठेवा,” मास्तर दाराशी म्हणाले. “कार्यक्रम संपेपर्यंत मी लोकांकडे तोंड करणार नाही आणि तुम्ही ट्यूबा सोडणार नाही.”

“मरेपर्यंत सोडणार नाही,” काका म्हणाले.

मास्तर बँडस्टँडवर उलटे चालत चढले. लोकांना वाटलं, ही काहीतरी नवीन पद्धत असेल, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी टाळ्यांना मागच्या मागे हात हलवून उत्तर दिलं. काका ट्यूबाच्या आड बसले होते. बाहेर दोन मरून बाह्या, दोन झालरी आणि वर घामेजलेला चेहरा. पहिल्या रांगेत सासूबाई शेजारच्या बाईंना सांगत होत्या, “पाठ बघा मास्तरांची. कुठे एक सुरकुती दिसतेय का?”

धुनांमागून धुना झाल्या. काका इमानेइतबारे पोमपोम करत राहिले. मग मास्तरांनी हात आडवे करून सगळ्यांना थांबवलं आणि काकांकडे बोट केलं.

काकांनी श्वास घेतला आणि वाजवायला सुरुवात केली. पहिले दोन सूर जरा कापरे लागले. तिसरा सूर लागला आणि काका कोट विसरले, भाचा विसरले, अंगावरचं बनियन विसरले. एवढ्या जाड, अगडबंब वाद्यातून इतकी मऊ धून निघते, हे बागेतल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. भाचासुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत बसला. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि या वेळी त्यांनी ते पुसलंही नाही. शेवटचा सूर लांबत लांबत गेला आणि विरला. मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला, की झाडावरचे कावळे उडाले.

सोलो संपला की बँडमास्तर हात वर करतात आणि वादकाला उभं राहून मानवंदना घ्यायला सांगतात. मास्तर धून ऐकून स्वतःच हरवले होते. त्यांनी सवयीनं हात वर केला.

या एका इशाऱ्याची काकांनी इतकी वर्षं वाट बघितली होती. ते भरल्या डोळ्यांनी उठले, ट्यूबा अलगद खुर्चीवर ठेवला आणि छाती पुढे काढून लोकांसमोर उभे राहिले. कॉलर होती, झालरी होत्या, मनगटापर्यंत बाह्या होत्या आणि त्या सगळ्यांच्या मधोमध पांढरंशुभ्र, ऐसपैस बनियन होतं.

सगळी बाग हसून लोटपोट झाली. एवढे लोक कशाला हसतायत ते बघायला मास्तर गर्रकन वळले, तेव्हा त्यांच्या बनियनावरची पिशवीच्या बंदांची गाठ सगळ्या गावानं पाहिली. लोकांनी अक्षरशः पोटं धरली. कोणीतरी मागून ‘पुन्हा!’ म्हणून ओरडलं आणि मग सगळेच ‘पुन्हा! पुन्हा!’ करायला लागले.

मास्तरांच्या चेहऱ्यावर घामाच्या धारा लागल्या होत्या. ते ओठ न हलवता म्हणाले, “बसा खाली! उचला तो ट्यूबा!”

काका बसले नाहीत. ते सगळ्या बागेकडे बघत होते. इतके लोक आपल्याकडे बघून हसतायत आणि टाळ्याही वाजवतायत, आणि दोन्ही आपल्याचसाठी आहे, हे त्यांना फार आवडलं होतं. त्यांनी सावकाश एकदा कमरेतून वाकून अभिवादन केलं, मग पुन्हा एकदा केलं. सगळं झाल्यावर ते मास्तरांकडे वळले.

“वाजवतो की मास्तर, पुन्हा वाजवतो,” काका हसत म्हणाले. “पण आधी तुम्ही लोकांकडे पाठ करा.”